बिल्टी न बघता गाडी खाली करू नका (रिक्वेस्टची बॉडी, मेमरी आणि आमचं रात्रीचं जागरण)

महापे_मुक्कामी | मंगळवार, रात्री ११:२०

मंडळी, तीन आठवडे डोकं खाल्लेला एक प्रश्न परवा सुटला, म्हणजे अर्धा सुटला. उरलेल्या अर्ध्यासाठी हा धागा.

पार्श्वभूमी अशी. आमची महापे एमआयडीसीतली दहा-बारा जणांची कंपनी. वाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर करतो. गाडी कळंबोलीहून किंवा न्हावा शेवाहून निघते, माल पोचला की ड्रायव्हर सही-शिक्क्याच्या पोच पावतीचा फोटो ॲपमधून पाठवतो, बरोबर एखादी ओळ शेरा. एवढंच काम. सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय), वर एक्सप्रेस (त्याचं वेब फ्रेमवर्क), सगळं ५१२ एमबी मेमरीच्या कंटेनरमध्ये (मोजून मेमरी दिलेली वेगळी खोली).

रोज संध्याकाळी सात ते नऊ कंटेनर पडायचा. एक्झिट कोड १३७, म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) गळा दाबला. ग्राहकाचे फोन यायचे, आम्ही रीस्टार्ट मारायचो. मी घणसोलीच्या फलाटावर उभं राहून लॅपटॉप उघडून रीस्टार्ट मारलाय, ट्रान्सहार्बरच्या दोन गाड्या सोडून.

कारण सापडलं ते लाजिरवाणं आहे. फार पूर्वी कोणीतरी (होय, मीच) एक मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते असा मधला कोड) लिहिलं होतं. आलेली प्रत्येक रिक्वेस्ट पूर्ण वाचायची, लॉगमध्ये पहिली २०० अक्षरं टाकायची, जेसन (मजकूर म्हणून लिहिलेला डेटा) पार्स करायचं, म्हणजे सुटं करून घ्यायचं, आणि पुढे द्यायचं. ते सगळ्यात वर बसलेलं. लॉगिन तपासणारं मिडलवेअर त्याच्या खाली. म्हणजे टोकन (लॉगिनचा पास) संपलेला ड्रायव्हर असला तरी त्याचा अख्खा फोटो मेमरीत घ्यायचा आणि मग सांगायचं, बाबा रे, तुझं लॉगिन संपलंय, ४०१. आणि ॲप इतकं आज्ञाधारक की दर अर्ध्या मिनिटाने तोच फोटो परत पाठवायचं.

एका फोटोचा हिशेब मांडला तेव्हा घाम फुटला. फोटो ६ एमबी. जेसनमध्ये घालायचा म्हणून बेस-६४ केलेला (बाइटची साधी अक्षरं केलेली), त्यात एक तृतीयांश वाढ, झाले ८. ते तुकड्या-तुकड्यांनी येतात, ते तुकडे ८. तुकडे जोडून एक बफर, अजून ८. त्याची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. इथे गंमत आहे. नोडच्या आतलं व्ही-८ इंजिन साध्या रोमन अक्षरांची स्ट्रिंग एका अक्षराला एक बाइट अशी ठेवतं, पण तीत एक जरी देवनागरी अक्षर असलं की सगळी स्ट्रिंग दोन बाइटची होते. शेऱ्यात 'माल पोचला' लिहिलं की ८ चे १६. मग पार्स करून निघालेली फोटोची स्ट्रिंग ८, ती उलगडून खरा फोटो ६. बेरीज ४६ एमबी. कचरा उचलणारा (नको झालेली मेमरी मोकळी करणारा) वेळेत आला तर बरं, नाहीतर दहा ड्रायव्हर एकदम आले की ४६० एमबी. कंटेनर ५१२ चा.

थोडक्यात, दारावर आलेल्या गाडीची बिल्टी (मालाचा कागद) न बघता आम्ही आधी सगळा माल उतरवून घेत होतो, आणि मग म्हणत होतो, अरे, ही गाडी आपली नाहीच.

आता लॉगिनची तपासणी वर आणली, लॉगिंगवाल्याला फक्त हेडर (रिक्वेस्टच्या वरची माहिती, म्हणजे तिची बिल्टी) बघायला सांगितलं. पडणं निम्म्यावर आलं. पण थांबलं नाही. पुढे काय?

---

तलावपाळी | मंगळवार, रात्री ११:५२

वाचनखूण साठवली. ५० एमबीची मर्यादा पण टाकलेली असणार तुम्ही, खरं सांगा. :)

महापे_मुक्कामी | रात्री ११:५५

टाकलेली. एक्सप्रेसचा आयता जेसन पार्सर १०० केबीच्या वर घेत नाही, ४१३ देतो (बॉडी फार मोठी). तो एरर घालवायला नेटवर जे पहिलं उत्तर सापडलं ते चिकटवलं होतं, तोच आकडा नंतर आमच्या मिडलवेअरमध्ये आला. माफी.

---

घोडबंदरचा_वाटसरू | बुधवार, सकाळी ८:०५

कापूरबावडीला अडकलोय, त्यामुळे मोठा प्रतिसाद देऊ शकतो.

धागाकर्त्यांनी बिल्टीचा दाखला छान दिलाय, तोच पुढे ओढतो. एचटीटीपीमध्ये आधी हेडर येतात, मग एक रिकामी ओळ, मग बॉडी, म्हणजे खरा माल. तुमच्या हातात रिक्वेस्ट येते तेव्हा बॉडी आलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा ती अजून रस्त्यात असते. नोडमध्ये तुम्हाला मिळतो तो स्ट्रीम (वाचाल तसा येत जाणारा डेटा), गो भाषेत मिळतो तो वाचता येणारा रीडर, पायथनच्या डब्ल्यूएसजीआयमध्ये (सर्व्हर आणि ॲप जोडायची पद्धत) फाइलसारखं इनपुट. तिन्हीकडे अर्थ एकच: माल अजून गाडीत आहे, उतरवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि तुम्ही वाचलं नाही तर काय होतं? कर्नलचा रिसीव्ह बफर भरतो, टीसीपीची विंडो (समोरच्याला अजून किती पाठवायची मुभा आहे ती) आक्रसत शून्यावर येते आणि समोरचा पाठवायचं थांबतो. म्हणजे 'जरा थांब' सांगायची सोय खाली आधीपासूनच आहे. आपण वरून अधाशासारखं सगळं ओढून घेतो म्हणून ती वापरली जात नाही.

तुमचं उरलेलं अर्धं दुखणं बहुतेक बेस-६४ आहे. फोटो जेसनमध्ये का? मल्टिपार्टने (एका रिक्वेस्टमध्ये वेगवेगळे भाग, फाइल जशीच्या तशी) पाठवा. फॉर्ममधून फाइल पाठवायचा प्रस्ताव १९९५ सालचा आहे, आरएफसी १८६७. मग तो भाग येईल तसा सरळ डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजकडे (फाइली ठेवायची वेगळी सेवा) वळवता येतो. एका वेळी मेमरीत काही किलोबाइट. नोडच्या स्ट्रीमची पातळी (एका वेळी किती साठवायचं ती) पूर्वी १६ केबी असायची, २२ व्या आवृत्तीपासून ६४ केबी केली. फोटो ६ एमबीचा असो की ६० चा, मेमरी तेवढीच.

---

जुनाजाणता | बुधवार, सकाळी ९:४०

हे सगळं ठीक, पण एक थंड पाण्याचा तांब्या ओततो. रिक्वेस्टच्या बहुतांश बॉडी दोन-चार किलोबाइटच्या जेसन असतात. तिथे स्ट्रीम, आळशी वाचन (लागेल तेव्हाच वाचणं) वगैरे करत बसाल तर कोड वाचणाऱ्याला वात येईल आणि फायदा शून्य. छोटी मर्यादा घाला, पूर्ण वाचा, पार्स करा, विषय संपला. ज्या एक-दोन रस्त्यांवरून मोठा माल येतो तेवढ्यांनाच वेगळं वागवा. आमच्याकडे एका पोराने लॉगिनच्या रिक्वेस्टलाही स्ट्रीमिंग पार्सर लावला होता. यूजरनेम आणि पासवर्ड, दोन फील्ड!

७:४२ची_ठाणे_लोकल | सकाळी ९:५८

+१. मर्यादा रस्त्यागणिक हवी, सरसकट नको. सरसकट ५० एमबी म्हणजे सोसायटीच्या गेटवर 'कोणीही या' लिहिल्यासारखं.

---

वाशी_सेक्टर_नऊ | बुधवार, दुपारी १:१५

मी नवीन आहे, दोन वर्षं अनुभव. बावळट प्रश्न असेल तर ह. घ्या. आम्ही जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरतो. मी रिक्वेस्टमधून पोस्टचा डेटा काढला आणि मग त्याखाली कच्ची बॉडी मागितली, तर एरर आला की स्ट्रीम आधीच वाचून झालाय. पण क्रम उलटा केला की चालतं. हे काय गौडबंगाल आहे?

घोडबंदरचा_वाटसरू | दुपारी १:४०

बावळट अजिबात नाही, उलट याच प्रश्नात सगळं आहे.

जँगो आळशी आहे. चांगल्या अर्थाने. तुम्ही पोस्टच्या डेटाला हात लावेपर्यंत तो बॉडी वाचतच नाही. हात लावला की वाचतो. मल्टिपार्ट फॉर्म असेल तर थेट स्ट्रीममधून पार्स करत जातो, कच्ची प्रत ठेवत नाही. म्हणून नंतर कच्ची बॉडी मागितली की हात वर करतो. उलट क्रमाने गेलात तर तो आधी सगळी बॉडी मेमरीत ठेवतो आणि त्याच प्रतीवरून पोस्टचा डेटा काढतो. चालतं, पण प्रत ठेवायची किंमत मोजून.

बॉडी एकदाच वाचता येते हे मनात पक्कं ठेवा. जावाच्या सर्व्हलेटमध्ये एखाद्या फिल्टरने फॉर्मचा पॅरामीटर विचारला की पुढच्याला स्ट्रीम रिकामा मिळतो, आणि बिचारा दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. पीएचपीमध्ये ५.६ च्या आधी कच्चं इनपुट एकदाच उघडता यायचं, नंतर ती अट काढली.

वाशी_सेक्टर_नऊ | दुपारी १:४४

म्हणजे हात लावणारा पहिला कोण, ते महत्त्वाचं?

घोडबंदरचा_वाटसरू | दुपारी १:४६

तेच. आणि धागाकर्त्यांकडे पहिला हात लॉगिंगवाल्याचा होता, ज्याला मालाशी काही देणंघेणंच नव्हतं.

---

नाखवा | बुधवार, दुपारी ३:३०

सगळे ॲपबद्दल बोलताय, पुढे एनजिनएक्स (ॲपच्या दारात बसणारा वेब सर्व्हर) आहे की नाही ते कोणी विचारलंच नाही.

तो पुढे असेल तर मूळ सेटिंगमध्ये अख्खी बॉडी तोच आधी घेतो. मेमरीतला बफर छोटा, ८ किंवा १६ केबी. त्याच्या वर गेलं की तात्पुरत्या फाइलमध्ये. सगळं आल्यावर मगच तुमच्या ॲपकडे पाठवतो. म्हणजे 'लॉगिन आधी तपासलं, फोटो घेतला नाही' हे तुमचं समाधान ॲपपुरतं. फोटो दारापर्यंत आलाच, ड्रायव्हरचा डेटा खर्च झालाच.

हे बफरिंग बंद करता येतं, १.७.११ पासून सोय आहे. पण घाईने बंद करू नका!! शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या ड्रायव्हरचं नेटवर्क कसं असतं ते सांगायला नको. एक फोटो दोन मिनिटं रांगत येणार. बफरिंग चालू असेल तर ती दोन मिनिटं एनजिनएक्स सांभाळतो, त्याला हजारो जोडण्या धरून ठेवणं फारसं जड नाही, आणि तुमच्या ॲपला फोटो लोकल नेटवर्कवरून क्षणात मिळतो. बंद केलंत तर तो रांगणारा ड्रायव्हर थेट तुमच्या ॲपच्या उरावर. नोडचं एक वेळ चालून जाईल, पण एका रिक्वेस्टला एक वर्कर अशी रचना असेल आणि वर्कर आठ असतील, तर आठ संथ ड्रायव्हर आणि सर्व्हर बंद. मुद्दाम थेंब-थेंब बॉडी पाठवून सर्व्हर अडवायचा हल्ला असतो, तोच फुकटात.

मी काय करतो: बफरिंग चालू, मर्यादा रस्त्यागणिक (त्याची मूळ मर्यादा १ एमबी आहे, ४१३ तिथूनही येतो हे विसरू नका), आणि लॉगिनची तपासणी एनजिनएक्सच्याच ऑथ-रिक्वेस्ट मॉड्यूलने. ती बॉडी वाचायच्या आधी होते, ॲपला फक्त हेडर पाठवून विचारते. बिल्टी गेटवरच बघितली जाते.

अवांतर: ऐरोली खाडीत फ्लेमिंगो आलेत का यंदा? कोणी गेलं होतं?

तलावपाळी | दुपारी ३:५१

अवांतराला उत्तर: रविवारी बघून येतो आणि कळवतो.

महापे_मुक्कामी | संध्याकाळी ६:१०

नाखवा, दंडवत. एनजिनएक्स आहे, आणि बफरिंग चालू आहे हे मला आज कळलं. म्हणजे टोकन संपलेल्यांचे फोटो तो रोज डिस्कवर लिहून पुसत होता.

---

७:४२ची_ठाणे_लोकल | बुधवार, रात्री ९:२०

नाकारताना एक काळजी. समोरचा अजून पाठवतोय आणि तुम्ही ४०१ किंवा ४१३ देऊन जोडणी तोडली, तर कित्येकदा त्याला तुमचं उत्तर दिसतच नाही, 'कनेक्शन रीसेट' एवढंच दिसतं. मग ॲपला वाटतं नेटवर्क गेलं, आणि ते परत पाठवतं. तुमच्या अर्ध्या मिनिटाच्या चक्राचं एक कारण हेही असू शकेल.

म्हणून सर्व्हर थोडा उरलेला माल वाचून फेकतात. गोचा सर्व्हर हँडलर संपल्यावर २५६ केबीपर्यंत न वाचलेलं गिळतो, त्याहून जास्त उरलं असेल तर जोडणी बंद करतो. एनजिनएक्सही बंद करताना थोडा वेळ रेंगाळून येणारं वाचत राहतो. याला शिष्टाचाराचा मार्ग पण आहे: पाठवणाऱ्याने आधी फक्त हेडर पाठवून 'पुढे पाठवू का' विचारायचं, सर्व्हरने १०० म्हटलं की बॉडी सोडायची. कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) मोठ्या बॉडीला हे करतो. ब्राउझर करत नाहीत. तुमचं स्वतःचं ॲप आहे, करून बघा.

आणि कंटेंट-लेंग्थच्या हेडरवर (बॉडी किती मोठी ते सांगणाऱ्या) विसंबू नका. चंक्ड पद्धतीने (एकूण आकार न सांगता तुकड्यांत) आलेल्या रिक्वेस्टला ते नसतंच. वाचता वाचता मोजा, मर्यादा ओलांडली की थांबा. जिझिप करून आलेली बॉडी असेल तर उलगडल्यानंतरचे बाइट मोजा. १ एमबीच्या आत दाबून बसवलेलं जवळजवळ १ जीबी निघू शकतं.

---

नाडगोंडी | गुरुवार, सकाळी १०:३०

पेमेंटवाल्यांचा वेबहूक (काही घडलं की ते आपल्या सर्व्हरला पाठवतात ती रिक्वेस्ट) असेल तर जपून. सही (ती त्यांचीच आहे याचा पुरावा) कच्च्या बाइटवर केलेली असते. पार्स करून पुन्हा जेसन बनवलंत तर एखादी मोकळी जागा इकडची तिकडे होते, सही जुळत नाही. तिथे कच्ची प्रत ठेवावीच लागते. छोटी असते, ठेवा.

---

महापे_मुक्कामी | शनिवार, रात्री १०:४५

अपडेट. मल्टिपार्ट केलं, फोटो येईल तसा स्टोरेजकडे वळवला, लॉगिन एनजिनएक्सच्या दारात. कंटेनर दोन दिवस पडला नाही. मेमरीचा आलेख एरवी घाटासारखा दिसायचा, आता पाम बीच रोडसारखा सपाट.

पण नवीन भानगड. ड्रायव्हरच्या शेऱ्यांमध्ये मधूनच काळा चौकोन, आत प्रश्नचिन्ह. 'माल पोचला' चं 'माल पो��ला'. सगळ्यांचं नाही, लांब शेरेवाल्यांचंच, तेही कधीतरी. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं कधीच नाही. मी शेऱ्याचे तुकडे येतील तसे स्ट्रिंगला जोडतोय.

जुनाजाणता | शनिवार, रात्री ११:०२

हा हा हा. हे आपल्यालाच होतं, अमेरिकेतल्या ट्यूटोरियलवाल्याला आयुष्यात दिसत नाही.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'ठाणे' म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: चार चिन्हं, बारा बाइट. नेटवर्कच्या तुकड्याला अक्षराची सीमा कळत नाही, तो 'च' च्या दुसऱ्या बाइटनंतरही तुटतो. तुम्ही प्रत्येक तुकड्याची वेगळी स्ट्रिंग केलीत की तुटलेल्या अक्षराचे दोन्ही अर्धे निकामी, प्रत्येकाच्या जागी तो चौकोन. रोमन अक्षर एकाच बाइटचं, ते तुटणार कसं? लहान शेरा एकाच तुकड्यात येतो, म्हणून तोही वाचतो.

दोन उपाय. शेरा छोटा असतो, तेव्हा बाइट जमवा, शेवटी एकदाच स्ट्रिंग करा. किंवा स्ट्रीमलाच एन्कोडिंग सांगा, मग आतला डीकोडर अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. आणि चाचणीत इंग्रजी शेरे टाकू नका हो! 'ज्ञानेश्वरमाउलींच्या कृपेने सुखरूप पोचलो' असलं काहीतरी टाका, आणि एकेक बाइट वेगळा पाठवून बघा.

महापे_मुक्कामी | रात्री ११:३०

झालं! पहिला उपाय केला. जुनाजाणता, मामलेदारची मिसळ माझ्याकडून लागू.

जुनाजाणता | रात्री ११:३३

मध्यम तिखट. वय झालं.

---

घोडबंदरचा_वाटसरू | रविवार, सकाळी ९:१५

मिसळीला मीही. एक राहिलं: मल्टिपार्टमधले भाग ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने येतात. ॲपमध्ये बिल्टी नंबर फोटोच्या आधी आहे ना? आधी असेल तर नंबर चुकीचा असल्याचं फोटो उचलायच्या आधीच कळतं, आणि फाइल कुठल्या नावाने ठेवायची तेही.

महापे_मुक्कामी | रविवार, सकाळी ९:४०

...फोटो आधी आहे. त्याखाली शेरा. सगळ्यात शेवटी बिल्टी नंबर.

नाखवा | सकाळी ९:४४

नव्या आवृत्तीत क्रम बदला. जुनी आवृत्ती फोनमध्ये ठेवून बसलेले ड्रायव्हर राहणारच, त्यांचा फोटो तात्पुरत्या नावाने ठेवा, नंबर आला की नाव बदला. एक तासात नंबर जुळला नाही तर पुसून टाका.

तलावपाळी | सकाळी ११:२०

फ्लेमिंगो आलेत. फोटो टाकणार होतो, पण या संकेतस्थळाची मर्यादा २ एमबी आहे.